सरूआत्याचा आजचा राग

आमच्या चौकातली पिठाची गिरणी वीज आली म्हणून सुरू होत नाही. सरूआत्याचा राग लिहून झाला की सुरू होते.

गिरणीच्या दाराशेजारी भिंतीवर एक काळा फळा टांगलेला आहे, शाळेतून मोडीत निघालेला. आत्या सकाळी येणार, कुलूप काढणार, ओल्या फडक्यानं फळा पुसणार आणि खडू हातात घेऊन रस्त्याकडं बघत उभी राहणार. बायका दळणाचे डबे घेऊन ताटकळलेल्या असतात. एखादी विचारते, "आत्या, आज राग कशाचा?"

"थांब की गं. ठरतंय."

मग ठरतो. मोठ्या, डावीकडं कललेल्या अक्षरांत फळ्यावर उतरतो. खाली सही: सरस्वती, गिरणी. त्यानंतरच मोटारीचं बटण दाबलं जातं आणि चौकाला जाग येते.

आमचं गाव इंदापूर तालुक्यातलं, भिगवणच्या रस्त्यावरचं. गावात साखर कारखान्याचे सभासद आहेत, दूध घालणारे आहेत, बारामतीला एमआयडीसीत कामाला जाणारे आहेत. तोंडावर बोलणारे मात्र फार नाहीत. जे काय बोलायचं ते पारावर, आवाज खाली करून आणि मागं वळून बघत. सरूआत्या साठीची, अंगानं किडकिडीत, डोक्यापासून पायापर्यंत पिठानं पांढरी, वडलांची गिरणी एकटीनं चालवणारी बाई. तिला आवाज खाली करता येत नाही. गिरणीच्या घरघरीत जन्म गेल्यामुळं ती कानात सांगायची गोष्टसुद्धा ओरडूनच सांगते.

तिचं एक वाक्य गावात सगळ्यांना पाठ आहे. "मला राग आलाय. आणि बरोबर आलाय." नुसता राग आला असं ती कधीच म्हणत नाही. राग बरोबर आहे याची खातरजमा तिनं आधीच केलेली असते आणि तसा दाखलाही ती स्वतःच देते.

रागाला विषयाचं बंधन नाही. 'म्हैस तीच, चारा तोच, डेअरीत फॅट कमी कसे?' 'मासा भिगवणचा, मग भिगवणातच महाग का?' 'लग्नात डीजे लावण्याआधी नवरीला विचारले होते का?' एकदा नुसतंच, 'भाच्याने फोन केला नाही.' तो भाचा पुण्यात असतो. कुणीतरी फळ्याचा फोटो काढून त्याला पाठवला आणि संध्याकाळी त्याचा फोन आला. तेव्हापासून फळा चालतो यावर आत्याचा विश्वास पक्का झाला.

शुद्धलेखन तिचं तिचं आहे. शाळेतल्या गुरुजींनी एकदा सुचवलं, "आत्या, 'रस्त्याची' मधली वेलांटी दीर्घ असते." आत्या म्हणाली, "चुकलाय रस्ता. तो आदी दुरुस्त करा, मग माझी येलांटी बघू."

आता माझं सांगतो. माझं दुकान तिच्या भिंतीला लागून आहे, आणि ते फ्लेक्सचं आहे. डिझाईन मी इथं करतो, छपाई बारामतीला करून आणतो. वाढदिवस, निवड, नियुक्ती, पुण्यस्मरण. गावात कुणी जन्मला काय आणि गेला काय, माझ्या संगणकावरून गेल्याशिवाय राहत नाही. शेजारधर्म म्हणून आत्या मला तरी सोडेल असं वाटायचं. एके सकाळी फळ्यावर वाचलं: 'शेजारचा सुनील फ्लेक्सवर माणसांना गोरे करतो. आई ओळखत नाही.'

मी धावत गेलो. "आत्या, गिऱ्हाईक वाचतंय!"

"वाचायलाच लिवलंय."

"अगं, पण माझ्या धंद्यावर—"

"मग गोरं करू नगं."

मला राग आला होता. बरोबर आला होता की नाही, हे मात्र मला तिच्याइतक्या खात्रीनं सांगता आलं नाही, म्हणून मी परत येऊन बसलो.

भांडण पेटलं ते विलासरावांच्या वाढदिवसाला. आमच्या गावच्या सरपंच मंदाताई. विलासराव त्यांचे यजमान. सही मंदाताईंची, बाकी सगळं विलासरावांचं, असा कारभार. पंचायतीच्या खुर्चीत मंदाताई बसतात, शेजारच्या खुर्चीत विलासराव बसतात, आणि मंदाताईंना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर शेजारच्या खुर्चीतून येतं. फ्लेक्सवरही तसंच. विलासरावांचा चेहरा बैलगाडीच्या चाकाएवढा आणि कोपऱ्यात मंदाताई, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या. डिझाईन माझंच, नाकारत नाही.

त्या वर्षीचा फ्लेक्स कार्यकर्त्यांनी एस.टी.च्या थांब्यापुढं लावला. थांबा मागं गडप झाला. शाळा-कॉलेजच्या पोरी आणि दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसं विलासरावांच्या कानामागून डोकी बाहेर काढून एस.टी. येते का बघायला लागली. एस.टी. यायची, थांब्यावर कुणी दिसत नाही म्हणून तशीच निघून जायची.

दुसऱ्या दिवशी फळा: 'विलासरावांचे तोंड बाजूला घ्या. मागे एस.टी. येते.'

सगळा चौक हसला. विलासराव हसले नाहीत. त्यांच्या माणसांनी फोटो काढून दाखवला तेव्हा ते एवढंच म्हणाले म्हणे, "गावाची बदनामी चाललीय."

आणि पुढच्या मासिक सभेत ठराव झाला. मी तो नोटीस बोर्डापुढं उभा राहून वाचला. गावात लोकांना दिसेल असा कोणताही फलक लावण्याआधी त्याचा मजकूर ग्रामपंचायतीकडून मंजूर करून घ्यावा. गावाची किंवा पदाधिकाऱ्यांची बदनामी होईल असा मजकूर लावू नये. वाढदिवस, अभिनंदन, स्वागत आणि श्रद्धांजली यांचे फलक यातून वगळले आहेत. म्हणजे कौतुक करायचं तर रान मोकळं, आणि तक्रार करायची तर ज्याची तक्रार त्याचीच परवानगी! खाली सरपंचांची सही होती, बारीक आणि सरळ.

पंचायतीचा शिपाई येऊन फळा काढून घेऊन गेला. बिचारा खाली मान घालून गेला, कारण त्याच्या घरचं दळणही तिथंच पडलेलं होतं. आत्यानं मोटार बंद केली, पदरानं तोंड पुसलं आणि ती त्याच्या मागोमाग पंचायतीत गेली. काय होतंय बघायला मीही गेलो.

ग्रामसेवक भला माणूस, पण नोकरी करणारा. त्याच्या टेबलापुढं आत्या उभी राहिली.

"भाऊसाहेब, मजकूर मंजूर करा."

"कसला मजकूर, आत्या?"

"आज मला राग आलाय."

"कशाचा?"

"तुमी माझा फळा नेला त्याचा."

"हे मंजूर होणार नाही हो."

"बरं. कशाचा ते ऱ्हाऊ द्या. राग आलाय, येवढंच मंजूर करा."

भाऊसाहेबांनी चष्मा काढला. "आत्या, मला अधिकार नाही. मासिक सभेपुढं ठेवावं लागेल."

"म्हंजे माझा आजचा राग फुडल्या म्हैन्यात?"

"तसंच म्हणायचं."

"तवर तो टिकंल का?" आत्यानं विचारलं, आणि मग स्वतःच उत्तर दिलं, "टिकंल. टिकवते."

  परत येताना माझ्या दुकानापाशी थांबून तिनं तो ठराव मला पुन्हा वाचायला लावला. शेवटच्या ओळीपाशी तिनं हात वर केला.

"अभिनंदनाला परवानगी न्हाय लागत?"

"न्हाय लागत."

"श्रद्धांजलीला?"

"तिलाबी न्हाय."

"सुन्या, कागद घे. मला फ्लेक्स छापायचंत."

मी खरं सांगतो, मला धंद्याची भीती वाटली. माझी निम्मी कामं विलासरावांच्या गोतावळ्यातली. पण तो ठराव वाचल्यापासून मलाही राग आला होता. गावात कुणी काय म्हणायचं हे आता दोन माणसं ठरवणार, आणि त्यांतलं एक माणूस तर निवडूनही आलेलं नाही! मी संगणक चालू केला.

आत्याला फोटोही हवा होता. "फ्लेक्सवरल्या पुढाऱ्यांसारखा. फोन कानाला लावलेला. डोळ्यांला काळा चष्मा." चष्मा माझा दिला, फोन तिचा जुना बटणांचा. "आनि गोरी केलीस तर बघ."

पहिला फ्लेक्स टाकीशेजारी लागला. 'पाण्याच्या टाकीची गळती यंदाही अखंड चालू ठेवल्याबद्दल गळतीचे हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक: टाकीखालचे समस्त डास.' दुसरा शाळेपुढं: 'येथील विजेच्या दिव्यास भावपूर्ण श्रद्धांजली. आपल्या जाण्याने अंधार पसरला आहे.' तिसरा आरोग्य उपकेंद्राच्या दारात, त्याला कायम कुलूप असायचं: 'डॉक्टरसाहेबांचे सहर्ष स्वागत! जेव्हा येतील तेव्हा.' तिन्हींवर कोपऱ्यात काळा चष्मा घातलेली, फोनवर बोलणारी, आहे त्याच रंगाची सरूआत्या.

लोक मुद्दाम वाट वाकडी करून बघायला आले. वरकुट्याहून आलेल्या पाहुण्यांनी फोटो काढून नेले. हसणारे हसले, पण हसून झाल्यावर लोक टाकीकडं बघायचे, दिव्याच्या खांबाकडं बघायचे, आणि त्यांची तोंडं बदलायची. आणखी एका बंद दिव्याच्या खांबाला कुणीतरी आपणहून हार घातला, ते आत्याचं काम नव्हतं.

विलासराव माझ्या दुकानात आले. बसले नाहीत.

"सुनीलराव, धंदा करायचाय ना गावात?"

"करायचाय की, साहेब."

"मग असले उद्योग बंद करा. ही बदनामी हाय."

"साहेब, ठरावात अभिनंदनाला सूट हाय."

ते आले तसे निघून गेले. दोनच दिवसांत तातडीची सभा बोलावून ठरावाला दुरुस्ती चिकटवली. आता अभिनंदन, वाढदिवस, श्रद्धांजली, सगळ्यालाच मंजुरी, आणि विनामंजुरी फलक छापला तर छापणाऱ्यावर कारवाई. आत्याचे तिन्ही फ्लेक्स शिपाई गुंडाळून घेऊन गेला. माझं दुकान ओस पडलं. मी गिरणीच्या पायरीवर जाऊन बसायला लागलो.

पण या दुरुस्तीनं विलासरावांचाच घात केला. तालमीतल्या एका पोराच्या वाढदिवसाचा फ्लेक्स मंजुरीसाठी पडून राहिला, वाढदिवस उलटून गेला. दशक्रियेच्या फलकाला तेरावा होऊन गेल्यावर परवानगी मिळाली. कुणाच्या तरी बारशाच्या स्वागताचा मजकूर सभेपुढं गेला, तोवर पोरगं पालथं पडायला लागलं. आतापर्यंत आत्याची गंमत बघणारे सगळे चिडले. ज्यांनी कधी ग्रामसभेचं तोंड बघितलं नव्हतं, ते पुढच्या ग्रामसभेला आले. मारुतीच्या मंदिराचा मंडप भरला, लोक बाहेर पायऱ्यांवर बसले.

टेबलामागं मंदाताई, शेजारी विलासराव, दुसऱ्या बाजूला भाऊसाहेब. आत्या पहिल्या ओळीत. विलासरावांनी गावाची शान, गावाची एकी, बाहेरच्या लोकांत होणारी बदनामी यावर बरंच बोलून घेतलं. मग आत्या उठली.

"गावाची बदनामी टाकी करती का फळा करतो?" तिनं विचारलं. नेहमीसारखं ओरडून. इथं गिरणी चालू नव्हती, त्यामुळं ते देवळाच्या शिखरापर्यंत गेलं. "टाकी गळती तवा कुणाची बदनामी झाली न्हाय. मी लिवलं तवा झाली. मला राग आलाय, आनि—"

"बरोबर आलाय!" मागून पंधरावीस जण ओरडले.

विलासराव हसले. "आत्याबाई, तुमचं ठीक हाय. पण उद्या कुणी तुमच्याच इरुद्ध फलक लावला तर? चालंल का?"

 मला वाटलं, आत्या अडकली.

"न्हाय चालणार," ती म्हणाली. "लई राग यील. पर तुमी तो काढायचा न्हाय. मी त्याच्या समोर माझा लावीन."

मग ती टेबलाकडं वळली. "सरपंच काय म्हनत्यात?"

"त्यांचं तेच म्हणणं हाय," विलासराव म्हणाले.

"मी सरपंचांना इचारलं."

मंडपात हशा झाला. मंदाताईंनी पुढ्यातली वही सरळ केली आणि खाली बघितलं. 

शेवटी भाऊसाहेब उठले. त्यांनी इंदापूरला पंचायत समितीत जाऊन विचारून आणलं होतं, आणि ते आता घसा खाकरून सांगायला लागले. फलक कुठं लावायचा, केवढा असावा, वळणावर किंवा थांब्यापुढं आडवा येतो का, वाऱ्यानं पडून कुणाला लागेल का, हे पंचायतीनं ठरवावं. तो नियम सगळ्यांना सारखा हवा, वाढदिवसालाही आणि तक्रारीलाही. आत काय लिहिलंय ते आधी तपासून मंजूर करणं हे आपलं काम नाही. घटनेनं माणसाला बोलायचा हक्क दिलाय, तो गावाच्या वेशीपाशी संपत नाही. कुणाची खोटी बदनामी झाली असं वाटलं तर त्याच्यासाठी कायदा आहे, कोर्ट आहे.

"येवढं सगळं तुमाला म्हाईत व्हतं?" आत्या म्हणाली.

"आता झालं, आत्या."

"मग पयलंच इचारायचं न्हाय का? ह्याचाबी मला राग आलाय."

हात वर झाले. जुना ठराव रद्द झाला, नवा लिहिला गेला. मंदाताईंनी सही केली. नव्या नियमात पहिला सापडला तो विलासरावांचा फ्लेक्स. थांब्यापुढून उतरला आणि मागं उभी असलेली माणसं एकदाची उजेडात आली.

फळा परत भिंतीवर लागला. पुढच्याच आठवड्यात विलासरावांचा माणूस माझ्याकडं मजकूर घेऊन आला. मापात बसणारा, रस्ता सोडून, बरोबर गिरणीसमोर लावायचा फलक: 'गिरणीत दळण कमी भरते. ग्राहकांनी सावध राहावे.'

मी कागद घेऊन तरातरा गिरणीत गेलो. "आत्या, हे मी छापणार न्हाय. धडधडीत खोटं हाय हे!"

तिनं वाचलं. तिच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. चाळीस वर्षं त्या हातानं कुणाचं मूठभर पीठ मागं ठेवलेलं नाही, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. तिनं कागद परत दिला.

"छाप."

"अगं, पण—"

"छाप म्हनले ना! माझं तोंड बंद केलं तवा मला काय झालं ते तू बघितलंस. आता मी त्याचं करू व्हय?"

फलक लागला. आत्यानं दुसऱ्या दिवशी वजनकाटा गिरणीच्या बाहेर आणून ठेवला आणि फळ्यावर लिहिलं: 'दळण समोर मोजून न्यावे. विलासरावांनीही यावे.'

विलासराव आले नाहीत. पण त्याच संध्याकाळी, गर्दीच्या वेळेला, मंदाताई आल्या. स्वतः डबा घेऊन. एरवी त्यांचं दळण गडी आणायचा. मी माझ्या दारात उभा होतो. बाहेर रांगेतल्या बायका कुजबुजायच्या थांबल्या.

आत्यानं गहू मोजले, चक्कीत ओतले, पीठ उतरवलं, काट्यावर ठेवून त्यांना दाखवलं. मंदाताईंनी काट्याकडं बघितलंच नाही. त्या काहीतरी बोलल्या. गिरणीच्या आवाजात ते कुणालाच ऐकू आलं नाही.

"काय म्हनलीस?" आत्या ओरडली.

मंदाताई पुन्हा काही बोलल्या. आत्यानं हात लांबवला आणि मोटारीचं बटण बंद केलं. पट्टा फरफरत थांबला. चौकात एकदम इतकं शांत झालं की समोरच्या हॉटेलातल्या स्टोव्हचा आवाज ऐकू यायला लागला.

"म्हटलं, त्या बोर्डाचं मनावर घेऊ नका," मंदाताई म्हणाल्या. "मी नको म्हणत होते."

"मनावर घेतलंय," आत्या म्हणाली. "तू नगं म्हनलीस, मग त्यांनी ऐकलं न्हाय?"

मंदाताईंनी डब्याचं झाकण लावलं.

आत्या पोत्यावर बसली. शेजारचं पोतं तिनं हातानं झाडलं. जरा वेळानं मंदाताई त्यावर बसल्या, काठापदराच्या साडीला पीठ लागलं तरी. आणि मग आत्या बोलायला लागली ते अशा आवाजात, की मला वाटलं आत आणखी कुणीतरी तिसरी बाई आहे. इतका खालचा आवाज तिच्याजवळ आहे हे मला माहीत नव्हतं.

"माझं सासर बारामतीकडं. मोठं घर. मारत न्हवते गं मला कुनी. खायाला भरपूर. फकस्त मी बोलले तर कुनी ऐकायचं न्हाय. भिंतीकडनं आवाज आल्यागत बघायचे, आनि आपलं बोलनं चालू. एक म्हैस व्हती, चंद्री. मीच बघायची तिचं. व्यायला झाली तर रेडकू आडवं आलेलं. मी सासऱ्याला सांगितलं, डॉक्टरला बोलवा. दिराला सांगितलं. नवऱ्याला सांगितलं. दिवसभर सांगत व्हते. सांजच्याला मेली." तिनं मांडीवरचं पीठ झटकलं. "मग मी सांगायचंच सोडलं. वरीसभर तोंड उघडलं न्हाय. त्यातबी कुनाला काय कळलं न्हाय. तवा मी निघून आले. निघतानाबी बोलले न्हाय. ते अजून सलतं बघ मला. काय तरी बोलून यायला पायजे व्हतं."

मंदाताईंनी मान खाली घातली होती.  मग त्यांनी डोक्यावरचा पदर जरा मागं सारला आणि बोलायला सुरुवात केली. हळू, अडखळत. मी माझ्या दारातून आत सरकलो, कारण ते ऐकायचं माझं काम नव्हतं.

बाहेर रांग वाढली होती. दिवेलागण व्हायला आली, घरोघरी भाकरीची वेळ. रांगेतली एक म्हातारी वैतागून ओरडली, "ये सरू, झोपलीस का? दळण टाक की माझं!"

"थांबा जरा," आतून आत्याचा आवाज आला. "हितं सरपंच बोलत्यात."